‘खात्रीलायक बातमी’ : खात्री कोणाची?

‘गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून छापा घालण्यात आला.’ पोलिसांच्या फिर्यादींत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत महाराष्ट्रातील वाचकांनी हे वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की, त्याचा अर्थ काय, असा प्रश्न आता कोणाच्या मनात उद्भवत नाही. बातमीदार गुप्त असतो, म्हणून तो कोण हे विचारता येत नाही. बातमी खात्रीलायक असते, म्हणून ती खरी कशावरून हे विचारण्याचे कारण उरत नाही. अशा रीतीने एका वाक्यात दोन प्रश्न गडप होतात आणि नागरिकाच्या घराचे दार उघडते. हे दोन प्रश्न पुन्हा उभे करणे आणि दार उघडण्यापूर्वी त्यांची लेखी उत्तरे मागणे हे कायद्याच्या राज्याचे आद्य कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आज हे सांगण्याची निकड अधिक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि तिने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचे बंधन पोलिसांवर घातले. या सुधारणेचे आम्ही स्वागतच करतो. पंचनामा ठाण्यात बसून लिहावा, ठरलेल्या पंचांच्या सह्या घ्याव्यात आणि मुद्देमाल कोठून आला हे कोणालाच कळू नये, या जुन्या रोगावर हा उतारा बरा आहे. परंतु कॅमेरा टिपतो ते दाराच्या आतले. पोलीस याच दाराशी का आले, शेजारच्या दाराशी का गेले नाहीत, हे कोणताही कॅमेरा टिपू शकत नाही. ते टिपण्याचे साधन एकच, आणि ते जुनेच आहे : झडतीपूर्वी लिहिलेला कागद आणि तो वाचणारा तटस्थ डोळा. नव्या यंत्राच्या कौतुकात या जुन्या साधनाचा विसर पडेल, अशी भीती आम्हांस वाटते.

बातमीदाराशिवाय पोलिसांचे काम चालत नाही, हे आम्ही जाणतो. अमली पदार्थांचा व्यापार किंवा जुगाराचा अड्डा यांसारख्या गुन्ह्यांत फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही. विकणारा बोलत नाही आणि घेणाराही बोलत नाही. आतल्या गोटातला कोणी फुटला तरच पोलिसांना वाट सापडते. पण आतल्या गोटातला माणूस म्हणजे बहुधा कोण? स्वतः एखाद्या खटल्यात अडकलेला आणि त्यातून सुटका शोधणारा, चार पैशांसाठी बातम्या विकणारा, धंद्यातील प्रतिस्पर्ध्याचा परस्पर काटा काढू पाहणारा. आणि कधी बांधावरून किंवा वाटणीवरून वर्षानुवर्षे डूख धरून बसलेला भाऊबंदही. असे लोक खरे सांगतच नाहीत, असे नव्हे. त्यांची बातमी कित्येकदा बिनचूक निघते. परंतु अनोळखी माणसाने आणलेले सोने सराफसुद्धा कसोटीवर घासल्याशिवाय घेत नाही. मग नागरिकाच्या घराची अब्रू ज्यावर टांगलेली असते ती बातमी कस न लावता का घ्यावी?

हा कस दोन प्रश्नांचा आहे. पहिला प्रश्न : या माणसाला हे कळले कसे? त्याने डोळ्यांनी पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, की नुसता तर्क केला? दुसरा प्रश्न : या माणसावर विश्वास का ठेवावा? त्याने यापूर्वी दिलेल्या बातम्या खऱ्या निघाल्या काय? या बातमीतील काही भाग पोलिसांनी स्वतः पडताळून पाहिला काय? यांपैकी एकाही प्रश्नाला बातमीदाराचे नाव उघड करण्याची गरज नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवली पाहिजे. बातमीदाराचे नाव गुप्त राखण्याचा पोलिसांचा अधिकार १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने मान्य केला होता आणि नव्या कायद्यानेही तो कायम ठेवला आहे. ते योग्यच आहे. नाव फुटले तर माणसाचा जीव जाऊ शकतो. पण नाव गुप्त ठेवणे वेगळे आणि आधार गुप्त ठेवणे वेगळे. पहिल्याच्या आडून दुसरे चालू देणे म्हणजे साधूच्या वेषात चोराला वाट करून देणे होय.

या दोन प्रश्नांना कायद्याचे रूप देण्याचा सर्वांत ठाशीव प्रयत्न अमेरिकेत झाला, आणि ते रूप ढिले पडल्यानंतरचे अनुभवही तेथेच आले. तो इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. इंग्लंडच्या सरकारने १७६३ साली एका टीकाकार पत्राच्या लेखक-मुद्रकांविरुद्ध कोणाचेही नाव नसलेले सरसकट वॉरंट काढले आणि त्याच्या जोरावर घरे उलथीपालथी केली. वसाहतींतही कोणाच्याही घरात शिरण्याचे परवाने जकात अधिकाऱ्यांच्या हाती होते. त्या जाचाची आठवण ताजी असताना अमेरिकेने १७९१ साली आपल्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती केली : शपथेवर सांगितलेले सबळ कारण असल्याखेरीज आणि जागेचे व वस्तूंचे नेमके वर्णन असल्याखेरीज झडतीचे वॉरंट निघणार नाही. मात्र बातमीदाराच्या तोंडची बातमी ‘सबळ कारण’ केव्हा होते, हे घटनेने सांगितले नव्हते. ते न्यायालयांना सांगावे लागले.

१९६० साली ह्यूस्टन शहरातील दोन पोलिसांनी एका घराच्या झडतीसाठी स्थानिक न्यायाधिकाऱ्याकडे अर्ज केला. विश्वासार्ह व्यक्तीकडून खात्रीलायक माहिती मिळाली आहे आणि त्या घरात हेरॉइन आहे असे आम्ही मानतो, एवढाच त्याचा मथितार्थ. आमच्या वाचकांस हे वाक्य ओळखीचे वाटल्यास नवल नाही. पोलिसांची भाषा समुद्र ओलांडल्याने बदलत नाही. वॉरंट निघाले, माल सापडला, आरोपीस वीस वर्षांची शिक्षा झाली. १९६४ साली ‘अ‍ॅग्विलार विरुद्ध टेक्सास’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते : बातमीदाराला हे कसे कळले आणि तो विश्वासार्ह कशावरून, या दोहोंचा एक शब्दही अर्जात नाही, तेव्हा वॉरंटवर सही न्यायाधिकाऱ्याची असली तरी निर्णय पोलिसांचाच झाला. १९६९ साली ‘स्पिनेली’ खटल्यात हीच कसोटी पक्की झाली. तेथे संशयित कोणत्या घरी जातो आणि त्या घरात दोन टेलिफोन आहेत, एवढे एफबीआयने शोधून काढले होते. घरात दोन टेलिफोन असणे हा काही जुगाराचा पुरावा नव्हे, असे न्यायालयाने बजावले.

येथे एक शंका हटकून घेतली जाते. माल तर सापडला होता ना? मग बातमी खरीच नव्हती काय? या शंकेतच सगळ्या अनर्थाचे मूळ आहे. न्यायालयासमोर येतात ती केवळ सफल झालेल्या झडत्यांची प्रकरणे. ज्या घरात काही सापडले नाही, त्या घराचा खटला उभा राहत नाही. ना आरोपपत्र, ना वकील, ना निकाल. मध्यरात्री कपाटे रिकामी झाली, म्हाताऱ्या आईच्या ट्रंकेतील लुगडी जमिनीवर पडली, आणि सकाळी शेजाऱ्यांच्या नजरा बदलल्या, एवढेच मागे उरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तशी माल सापडल्याने कच्ची बातमी पक्की ठरत नाही. कच्च्या बातमीवर दहा दारे ठोठावली तर एखाद्या दारामागे काही ना काही सापडणारच. उरलेल्या नऊ घरांचा हिशेब कोणी मांडायचा? अपराध्याच्या खटल्यात न्यायालय वॉरंटची चिकित्सा करते तेव्हा ते वस्तुतः या नऊ घरांचे रक्षण करीत असते.

१९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सैल केली. ‘इलिनॉय विरुद्ध गेट्स’ या खटल्यात एका गावच्या पोलिसांना निनावी पत्र आले होते : अमुक दांपत्य फ्लॉरिडाहून मोटारीतून गांजा आणणार आहे. निनावी पत्राच्या लेखकाची विश्वासार्हता सिद्ध कशी करणार? पोलिसांनी प्रवासाचा तपशील पडताळला. तो बव्हंशी जुळला. मात्र पत्नी विमानाने परत येईल, हे पत्रातील विधान चुकले. ती पतीबरोबर मोटारीतूनच आली. मोटारीत सुमारे १६० किलो गांजा मिळाला. बहुमताने न्यायालय म्हणाले की, दोन प्रश्नांची काटेकोर उत्तरे मागण्याऐवजी सर्व परिस्थिती एकत्र पाहून व्यवहारी बुद्धीने निर्णय करावा. या मतात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पडताळणीने निनावी बातमीलाही वजन येते, हे खरे. पण ‘सर्व परिस्थिती’ हा शब्दप्रयोग इतका ऐसपैस आहे की, आळशी न्यायाधिकाऱ्याला त्यात सहज लपता येते. मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या राज्यघटनांचा आधार घेऊन जुनी कसोटीच चालू ठेवली, ते उगाच नव्हे.

ढिलाईची किंमत काय असते, हे पुढे दिसले. २००६ साली अ‍ॅटलांटा शहरात, दार न ठोठावता शिरण्याचे वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी ९२ वर्षांची एक वृद्धा मरण पावली. बातमीदाराने त्या घरातून अमली पदार्थ विकत घेतल्याचे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. ते खोटे होते. घटनेनंतर त्यांनी एका बातमीदाराला ‘मीच खरेदी केली’ असे सांगण्याची गळ घातली. त्यानेच ते बिंग फोडले. खबऱ्या खरा निघाला आणि शपथ घेणारे खोटे ठरले! आणि २०१९ च्या जानेवारीत, ज्या ह्यूस्टन शहरातून ती ऐतिहासिक कसोटी निघाली होती त्याच शहरात, एका अधिकाऱ्याने बातमीदाराने हेरॉइन खरेदी केल्याची कपोलकल्पित कथा शपथेवर लिहून वॉरंट मिळविले. छाप्यात घरातील पतिपत्नी ठार झाले, पोलीसही जखमी झाले. घरात हेरॉइनचा व्यापार नव्हताच. २०२४ साली त्या अधिकाऱ्यास खुनाबद्दल दोषी ठरवून ६० वर्षांची शिक्षा देण्यात आली.

कोणी म्हणेल की, खोटे बोलणाऱ्याला दोन प्रश्नांनी काय अटकाव होणार? तो दोन्हींची खोटी उत्तरे देईल. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. ‘खात्रीलायक बातमी मिळाली’ हे वाक्य खोटे पाडता येत नाही, कारण त्यात काही सांगितलेलेच नसते. ‘अमुक दिवशी, अमुक घरात, माझ्या बातमीदाराने अमुक वस्तू खरेदी केली’ हे विधान मात्र खोटे पाडता येते. ह्यूस्टनच्या अधिकाऱ्याचे बातमीदार एकामागून एक विचारले गेले. खरेदी केल्याचे कोणीच कबूल केले नाही, आणि तो अडकला. मोघम वाक्य पोलिसाला जबाबदारीतून सोडवते आणि नेमके वाक्य त्याला बांधून ठेवते. म्हणूनच नेमके वाक्य हवे आणि ते झडतीपूर्वी हवे.

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकेत निदान दाराबाहेर एक न्यायाधिकारी उभा असतो. आपल्याकडे बहुसंख्य झडत्यांत तोही नसतो. नव्या संहितेच्या १८५ व्या कलमान्वये तपासी अधिकारी स्वतःच्या समजुतीवर, वॉरंटाविना, झडती घेऊ शकतो. जुन्या संहितेचे १६५ वे कलमही हेच सांगत होते. अर्थात कायद्याने बंधने घातली आहेत : समजुतीची कारणे लिहून ठेवावीत, काय शोधावयाचे ते शक्य तोवर नमूद करावे, नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी. नव्या संहितेने ती ४८ तासांच्या आत पाठविण्याची मुदत घातली, हे चांगलेच झाले. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील ४२ वे कलमही बातमी लिहून घेण्यास आणि ती ७२ तासांत वरिष्ठांकडे धाडण्यास सांगते. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा तर पोलीस आयुक्तांनाच विशेष वॉरंट काढण्याचा अधिकार देतो, आणि अशा झडतीत जुगाराचे साहित्य सापडले की ती जागा अड्डा असल्याचा पुरावा मानावा, असेही सांगतो. मागणारे पोलीस, देणारे पोलीस आणि पुराव्याचे गृहीतकही पोलिसांच्या बाजूचे!

लिहिण्याचे हे बंधन न पाळले तर काय होते? येथे आपल्या न्यायालयांचा स्वर एकसारखा नाही. अहमदाबादेत ऑटोरिक्षातून चरसाच्या गोण्या पकडल्याच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने, बातमी लिहून न घेतल्याने झडती संशयास्पद ठरते, असा निर्वाळा दिला. २००९ साली ‘कर्नेल सिंग’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, सबळ कारणाने नोंदीस उशीर झाला तर चालेल, पण नोंदच नसणे चालणार नाही. हा विवेक स्तुत्य आहे. पण तो अमली पदार्थांच्या कायद्यापुरता. सर्वसाधारण नियम अद्याप ‘पूरणमल’ खटल्याचा आहे. १९७३ च्या डिसेंबरात पाच न्यायमूर्तींनी ठरविले की, झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यावरून बाद होत नाही. त्या निर्णयाच्या मागे १९५४ चा ‘एम. पी. शर्मा’ खटल्याचा निकाल होता. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखे कलम आपल्या घटनेत नाही, असे त्यात म्हटले होते. परंतु २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने जाहीर केले आणि १९५४ च्या निकालातील त्याविरुद्धचे मत रद्दबातल ठरविले. पाया हलला, त्यावरची भिंत अजून तशीच उभी आहे. ती पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे.

मराठी माणसाला तर झडतीचा धडा नव्याने देण्याची गरज नसावी. १९०८ साली लोकमान्यांना अटक झाल्यावर त्यांच्या पुण्यातील घराची झडती झाली. तीत स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड सापडले. राजद्रोहाचा खटला होता तो वृत्तपत्रातील लेखांबद्दल. पण ते कार्डही पुरावा म्हणून न्यायालयात मांडण्यात आले. एकदा दार उघडले की हाती लागेल ते कामास येते, हा सत्तेचा स्वभावच आहे. परकी सत्ता गेली म्हणून तो स्वभाव गेला, असे मानण्याइतके भाबडे आपण राहू नये.

इतकी लिखापढी करीत बसलो तर गुन्हेगार पसार होतील, असे पोलीस अधिकारी म्हणतील. माल नष्ट होण्याचा खरोखर धोका असेल तेथे वॉरंटाविना जाण्याची मुभा असावी, हे आम्हांस मान्य आहे. पण अपवाद हाच नित्यनियम होऊन बसला आहे, ही आमची तक्रार आहे. अमेरिकेत १९७७ पासून संघराज्याच्या नियमांनी टेलिफोनवरून वॉरंट घेण्याची सोय केली. आपल्या नव्या संहितेनेही वॉरंट काढण्यासह सर्व कार्यवाही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून करण्यास परवानगी दिली आहे. खिशातल्या फोनवर झडतीचे चित्रण करता येते, तर त्याच फोनवरून निघण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याशी चार वाक्ये का बोलता येऊ नयेत?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. बातमीवरून होणाऱ्या प्रत्येक झडतीच्या नोंदीत वरील दोन प्रश्नांची उत्तरे झडतीपूर्वी, वेळेसह लिहिली जावीत. ‘खात्रीलायक बातमी’ हे शब्द उत्तर म्हणून स्वीकारले जाऊ नयेत. दंडाधिकाऱ्याकडे येणारी प्रत फायलीत निजू नये; त्याने ती वाचून आपला शेरा लिहावा. काहीही न सापडलेल्या झडत्यांची नोंद ठेवली जावी, म्हणजे कोणत्या बातमीदाराच्या बातम्या फुसक्या निघतात हे नाव उघड न करताही कळेल. अमली पदार्थांच्या कायद्याचे ५८ वे कलम विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि हेतुपुरस्सर खोटी बातमी देऊन झडती घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते. ते कलम ग्रंथात शोभेपुरते राहू नये. आणि जेथे कारणांची नोंदच नाही, तेथे सापडलेल्या मालाचा लाभ सरकार पक्षाला मिळू नये. याखेरीज वरील कोणत्याही बंधनास धार येणार नाही.

नागरिकांसही आमचे एक सांगणे आहे. १८५ व्या कलमाखाली ज्याच्या घराची झडती झाली त्यास, अर्ज केल्यावर, त्या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडून विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. ज्यांच्या घरी काही सापडले नाही त्यांनी तर तो अर्ज अवश्य करावा. त्यांचा खटला कोणी चालवणार नाही. त्यांच्या घरात पोलीस कशाच्या बळावर शिरले, हे विचारणारे तेच एकटे आहेत. त्यांनी विचारले नाही, तर उद्या तेच मोघम वाक्य घेऊन पोलीस दुसऱ्या कोणाच्या दाराशी उभे राहतील. आणि ते दार कोणाचे असेल, हे त्या बातमीदाराखेरीज कोणालाच ठाऊक नसेल.